दिवस मावळायच्या आत

धीरजचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा मी पुण्याच्या घरी कणीक मळत होते. "ताई, किसनमामा गेले," एवढंच तो म्हणाला. दुपारी लोणी गावात, घरच्याच खाटेवर, झोपेत. मला काही सुचेना, म्हणून आईला सांगितलंस का, असं विचारलं. तो हळूच म्हणाला, "नाही अजून. तिचं जेवण व्हायचंय... आत्ता सांगितलं तर ती जेवणार नाही, आणि तेवढ्यात दिवस मावळेल." आम्ही जैन. दिवस मावळला की आमच्या घरात सकाळपर्यंत अन्न नाही, आणि आईचं तर पाणीही बंद. त्यामुळे मंचरच्या त्या घरात माझा भाऊ आईसमोर बसून तिला आग्रहानं फुलके वाढत होता, आणि बातमी मनात दाबून इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होता. तिचं जेवून झाल्यावर त्यानं सांगितलं. आईनं डोळे मिटून हात जोडले. मग म्हणाली, "बरं केलंस. त्यानंबी असंच केलं असतं."

किसनमामा आमच्या आईचे भाऊ, पण रक्ताचे नव्हेत. ते लोणीचे शेतकरी. थोडी जमीन, एक विहीर, दोन बैल आणि पुढे बैलांच्या जागी ट्रॅक्टर. पप्पांची मंचरला कांद्याची अडत होती. शेतकऱ्यांनी आणलेला माल विकून द्यायचा, हा धंदा. मामा त्यांच्याकडे कांदा आणायचे, तेवढीच ओळख. आई लग्न होऊन पार राजस्थानातून आलेली, मराठीचा गंध नाही, माहेरचे भाऊ तिकडे लांब. एका राखीपौर्णिमेला मामा पप्पांबरोबर घरी पाणी प्यायला आले, तर आई डोळे पुसत दारात आली. पोस्टानं पाठवलेली राखी पोचल्याचं काही कळलं नव्हतं. पप्पांनी कारण सांगितलं, तशी मामांनी शर्टाची बाही वर सारली आणि मनगट पुढं केलं. घरात राखी नव्हती म्हणून आईनं देवघरातला लाल दोरा बांधला. ही गोष्ट माझ्या जन्माआधीची. मी ती दोघांकडून ऐकली आहे, आणि दोघांच्याही सांगण्यात रडणारा दुसराच असायचा.

पुढे आई मराठी शिकली ती मामांकडूनच. त्यामुळे अडत्याच्या घरची ही शेठाणी, डोक्यावर पदर, नाकात हिऱ्याची चमकी, आणि तोंड उघडलं की 'लई' आणि 'व्हतं' आणि 'न्हाई'. माझ्या शाळेत पालकसभेला ती बोलायला लागली की बाई तिच्याकडे बघत राहायच्या. मला तेव्हा लाज वाटायची. आता तिच्या तोंडून 'व्हतं' ऐकलं की मला लोणी दिसतं.

आमचा रविवार मामांचा होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगते आहे, मी तेव्हा प्राथमिक शाळेत असेन. रविवारी पप्पा दुपारीच दुकान बंद करायचे आणि संध्याकाळी घरात दाल-बाटी व्हायची. परसात गोवऱ्यांचा ढीग पेटवून त्याचे निखारे झाले की आई कणकेचे गोळे त्यात पुरायची, आणि भाजून निघालेली बाटी फडक्यानं राख झटकून, हातानं फोडून तुपाच्या पातेल्यात सोडायची. त्या गोवऱ्या मामांच्या. शहरगावात गोवऱ्या कुठून आणायच्या, म्हणून ते लोणीहून पोतं भरून आणायचे. आईचा आणखी एक नियम होता. गोवरीत किडामुंगी असेल तर ती जळून मरेल, म्हणून प्रत्येक गोवरी आपटून, पिसासारख्या मऊ कुंच्यानं झाडून मगच आगीत घालायची. मामांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ते हसले होते म्हणे. पण पुढच्या रविवारी पोतं आलं ते झाडूनपुसूनच. लोणीच्या त्यांच्या अंगणात हा दांडगा माणूस उकिडवा बसून एकेक गोवरी थोपटून झाडतो आहे, आणि येणारेजाणारे थांबून बघताहेत... मामी सांगायच्या, "गावात म्हणायचे, किसनला येड लागलं."

जेवायला आम्ही पाटावर ओळीनं बसायचो. पप्पा, मामा, मी, धीरज, आणि वाढून झाल्यावर शेवटी आई. पाचही जण ताटावर बसल्याशिवाय ती घास घ्यायची नाही. मामांना डाळीत लसूण नाही याचं पहिल्यापासून दुःख होतं. "शेठ, आमच्या कांद्यावर तुमी घर बांधलं, अन् घरात कांद्याचं टरफल न्हाई," हे वाक्य ते दर रविवारी म्हणायचे आणि पप्पा दर रविवारी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. पण मामा खायचे मात्र सगळ्यांत जास्त. जेवण झालं की आमच्याकडे आपापल्या ताटात थोडं पाणी घालून, ताट बोटांनी धुऊन ते पाणी पिऊन टाकायची रीत आहे. अन्नाचा कण वाया जाऊ नये हा त्यातला विचार. ते मामाही करायचे, आणि रिकामं ताट धीरजला दाखवून म्हणायचे, "बघ, तुझ्यापरीस माझं चकचकीत." मग धीरज पुन्हा पाणी घ्यायचा. आईचं ताट वेगळं होतं, तिच्या माहेरचं, जाड काठाचं पितळी, तिचं नाव कोरलेलं. ते दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळ्यांच्याच घरी रविवारी असंच असतं, दिवस मावळायच्या आत सगळे जेवतात आणि एक मामा गोवऱ्या घेऊन येतो.

तो एक रविवार मात्र वेगळा गेला. थंडीचे दिवस होते, म्हणजे दिवस लहान. आईचं त्या दिवशी एकासणं होतं. एकासणं म्हणजे दिवसातून एकदाच, एकाच बैठकीला जेवायचं. बायका ते बहुधा दुपारी करतात. आईनं मुद्दाम संध्याकाळसाठी ठेवलं, कारण रविवार होता आणि भाऊ यायचा होता. दुपारी पप्पा म्हणालेही, की आत्ताच जेवून घे. तिनं ऐकलं नाही. बाट्या झाल्या, डाळ झाली, चुरमा झाला, आणि मामांचा पत्ता नाही. परसातलं ऊन भिंतीवर चढलं, भिंतीवरून समोरच्या माडीवर गेलं. पप्पांनी आम्हां दोघांना जेवायला बसवलं, स्वतःही चार घास घाईघाईनं खाल्ले. आई दारात उभी. चल ना, असं पप्पांनी दोनदा सांगितलं. "येतोय त्यो," एवढंच ती म्हणायची. माडीवरचं ऊन गेलं तेव्हा ती आत आली आणि तिनं भांडी झाकली.

आणि त्यानंतर थोड्याच वेळानं मामा आले. खांद्यावर पोतं, पायाला ओला चिखल, चेहरा प्रसन्न. त्या दिवशी लोणीला वीज दुपारनंतर आली होती, आणि कांद्याला पाणी देणं भाग होतं. वीज येईल तेव्हाच मोटार चालायची, त्याला ते तरी काय करणार. आकाशात अजून फिकट उजेड होता. त्यांच्या हिशेबानं ती संध्याकाळही नव्हती. शेतकऱ्याचा दिवस उजेड संपेपर्यंत चालतो. आमचा दिवस सूर्याबरोबर संपलेला. एवढी वर्षं एकत्र जेवूनही हा फरक त्यांच्या ध्यानात आला नव्हता, कारण तो ध्यानात यायची वेळच कधी आली नव्हती. "अजून उजेड हाय की आक्का, वाढा," असं म्हणत ते पाटावर बसले. पप्पांनी तोंड उघडलं, तशी आईनं त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की ते गप्पच बसले. तिनं मामांना वाढलं. आम्ही जेवलो, तुम्ही बसा, म्हणाली. खोटं बोलणं पाप आहे म्हणून आम्हांला रोज ऐकवणारी आई सरळ खोटं बोलली. मामा पोटभर जेवले, विजेला शिव्या घातल्या, आणि ताट घेऊन धुवायच्या जागी गेले.

तिथं फळीवर आमची ताटं उपडी होती, ओली. आणि बाजूला आईचं पितळी ताट उभं होतं, सकाळी घासून ठेवलेलं, तसंच. मामा त्या ताटाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. तोपर्यंत ते आईला नेहमी 'तुमी' म्हणायचे.

"आक्का," ते म्हणाले, "तुझं ताट कोरडं हाय."

पप्पांनी मान खाली घालून एकासण्याचं सांगितलं. म्हणजे काल संध्याकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं आणि आता उद्या सूर्य वर येईपर्यंत पाण्याचा थेंबही नव्हता. मामांनी आपलं ताट खाली ठेवलं, टोपी घातली आणि निघून गेले. आई मागून हाक मारत होती. ते वळले नाहीत.

पुढच्या रविवारी पोतं आलं, मामा आले नाहीत. लोणीहून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्यानं ते ओट्यावर ठेवलं. गोवऱ्या नेहमीपेक्षा जास्त स्वच्छ होत्या. आईनं त्या दिवशी खिचडी केली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पप्पांनी दुकानात मामांना गाठायचा प्रयत्न केला, तर माल मुलाबरोबर यायला लागला होता. तिसऱ्या की चौथ्या पोत्याला आईनं हातच लावला नाही, गाडीवाल्याबरोबर परत पाठवलं आणि निरोप दिला, माणूस येणार नसेल तर गोवऱ्या नकोत. घरात रविवार नुसता वार राहिला. धीरजनं एकदा विचारलं, की मामांनी आपल्याला सोडलं का. आईनं त्याला झोपायला पाठवलं, पण रात्रभर ती कूस बदलत होती हे मला आठवतं, कारण मी तिच्याजवळ झोपायचे.

मग एका रविवारी तिनं सकाळीच पप्पांना टेम्पो काढायला लावला. पीठ, डाळी, तुपाचा डबा, एक मोठं पातेलं, पाच जणांची ताटं आणि तिचं ते पितळी, एवढं सगळं बोचक्यात बांधलं. त्याआधी ती लोणीला कधी जेवली नव्हती. ज्या भांड्यांत कांदा-लसूण शिजतो त्यांत शिजलेलं आम्हांला चालत नाही, हे मामींनाही ठाऊक, त्यामुळे तिकडे आमचं जाणं म्हणजे गूळ आणि पाणी. पारूमामी आम्हांला बघून गडबडून गेल्या. मामा शेतात होते. आई थेट शेतात गेली, बांधावरच्या लिंबाखाली बोचकं सोडलं आणि मामींना म्हणाली, गोवऱ्या आण. तिनं परत पाठवलेलं पोतं घराच्या कोपऱ्यात तसंच होतं. मामा वाफ्यात पाठमोरे उभे. बाट्या भाजून होईपर्यंत दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत, आणि पप्पा मधल्या मध्ये पिकाची चौकशी करत राहिले. ताटं मांडल्यावर आई वाफ्यापर्यंत गेली.

"एका रातीची भूक मला लई न्हाई," ती म्हणाली. "आमी उपास करतोच. पण तू पाठ फिरवून गेलास ना किसनभाऊ, त्याला माझ्याकडं काही इलाज न्हाई. आता ऊन हाय तवर बस."

मामा रडले. मी मोठ्या माणसाला असं रडताना पहिल्यांदा पाहिलं, हातातलं खोरं तसंच, मातीचे हात तोंडावर. मग ते विहिरीवर जाऊन हातपाय धुऊन आले आणि बसले. सूर्य अजून चांगला वर होता. मामी पहिल्यांदाच आमच्या पंगतीला होत्या, आणि त्यांनी ताटातलं पाणी पिताना असं तोंड केलं की आईला हसू आवरेना. निघताना आईनं मोठं पातेलं तिथंच ठेवलं. मी पुन्हा आले की लागेल, म्हणाली.

त्यानंतर मामा कधी उशिरा आले नाहीत. उशीर सोडाच, ते इतके लवकर यायला लागले की पप्पांची रविवारची झोप मोडायची. भर उन्हात दारात हजर, पोतं ओट्यावर, आणि मग दोन-दोन तास परसात बसून आईला मेथी निवडून दे, आमचे पाढे घे, धीरजच्या सायकलची चेन बसव. आम्ही चिडवायचो, मामा तुमच्या घरी घड्याळ नाही का हो? ते म्हणायचे, "मला घड्याळ कशाला? मी सूर्यावर चालतो." आईला ते आता 'तू' म्हणायचे. ते कधीपासून, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं, पण त्या संध्याकाळचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

वर्षं गेली. गोवऱ्यांच्या जागी गॅसवरचा तंदूर आला. मामांनी त्यातली पहिली बाटी खाल्ली आणि शांतपणे म्हणाले, की दवाखान्यातलं जेवण असं असतं. तरी पोतं आणायचं थांबले नाहीत, आणि आईलाही ते परत पाठवायचं धाडस झालं नाही, त्यामुळे आमच्या परसात गोवऱ्यांची भिंतच उभी राहिली. मी शिकायला पुण्याला गेले, तेव्हा रविवारी घरी यायचं माझं खरं कारण मामा होते. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, पण त्यांना कळत असावं, कारण एस्टी स्टँडवर उतरले की ते समोर उभे असायचे आणि माझी बॅग पोत्यासारखी खांद्यावर टाकायचे. पप्पा गेले त्या आठवड्याच्या रविवारीही ते आले, वेळेच्या आधीच. चूल पेटणार नव्हती. शेजाऱ्यांकडून आलेलं ताट आईपुढं होतं आणि ती हात लावत नव्हती. मामा तिच्यासमोर बसून राहिले आणि मधूनमधून खिडकीतल्या उन्हाकडे बघत राहिले. शेवटी तिनं चार घास खाल्ले, ते बहुधा त्यांच्या त्या बघण्यामुळेच.

गेली काही वर्षं त्यांचे गुडघे धरले होते. आधी एस्टीनं, मग नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून ते यायचे. मग तेही थांबलं. आईला आता फारसं दिसत नाही, पण रविवारी दुपारी ती ओट्यावर जाऊन बसते अजून. आमची शेवटची भेट दिवाळीत झाली, भाऊबीजेला नातू त्यांना मुद्दाम गाडीनं मंचरला घेऊन आला होता. आईनं ओवाळलं तेव्हा त्यांनी टोपी सरळ केली आणि मला म्हणाले, की आक्काला वेळेवर जेवायला घालत जा, तिला वाट बघायची लई वाईट खोड आहे.

ते गेल्यावर काही आठवड्यांनी आम्ही लोणीला गेलो. आई, धीरज आणि मी. रविवारच होता. आभाळ दाटून आलेलं, घरात दिवे लावलेले. पारूमामींनी काही न विचारता फळीवरून आईचं ते पातेलं काढलं. एवढी वर्षं ते फडक्यात बांधून वेगळं ठेवलं होतं, त्याला कांद्याचा वासही लागू दिला नव्हता. त्यांनी त्यात डाळ शिजवली, बाट्या मागच्या अंगणात भाजल्या. मामांचा विषय निघाला की थांबायचा, थांबला की पुन्हा निघायचा... बोलता बोलता ताटं मांडली गेली. आईपुढं तिचं पितळी, तिनं ते बरोबर आणलं होतं. आईनं हात पुढं केला आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथं मोठ्या आकड्यांचं घड्याळ होतं, तिलाही दिसेल एवढं. सात वाजून गेले होते.

आईनं हात मागे घेतला. "मला नको आता," ती हळूच म्हणाली. "वेळ टळली." पुन्हा तेच, आणि तेही या घरात. धीरज उठून उभा राहिला.

मामी मात्र जागच्या हलल्या नाहीत. "आक्का, जेव तू," त्या म्हणाल्या. "त्ये घड्याळ तासभर पुढं हाय."

मग मामींनी सांगितलं. आम्ही शेतात जेवून गेलो होतो ना, त्याच रात्री मामांनी घरातलं घड्याळ पुढं केलं, आणि नंतर कुणाला हात लावू दिला नाही. सेल बदलले, घड्याळं बदलली, नवं आलं की पहिलं काम तेच. मुलं शाळेत जाताना, नातवंडं बस पकडताना, सगळे मनातल्या मनात वजाबाकी करायला शिकले. "बाकीच्या दिवशी वजा करायचं," मामी म्हणाल्या, "पर रविवारी करायचं न्हाई, असं त्यांचं म्हणणं व्हतं." दहाव्याला कुणा पाहुण्यानं ते बरोबर लावायला हात वर केला, तर नातवानं त्याचा हात धरला.

आणि आम्हांला ते सूर्यावर चालतात असं वाटत होतं.

धीरजनं मागचं दार उघडलं. ढग तेवढ्यापुरते वर सरकले होते आणि खालून पश्चिमेचं पिवळं ऊन अंगणात, गोवऱ्यांच्या राखेवर पडलं होतं. आईला ऊन कितपत दिसलं कोण जाणे. तिनं त्या दिशेला तोंड केलं, पदर सावरला आणि बाटी फोडली. तिनं आणखी एक बाटी मागून घेतली, तीही सगळी खाल्ली. मग ताटात पाणी घातलं, बोटांनी ताट धुतलं, ते पाणी प्यायली, आणि ताट उचलून मामांच्या रिकाम्या खाटेकडे धरलं.

"बघ," ती म्हणाली. "ओलं हाय."